पास मुलीला मागे ठेवण्याचा अर्ज

आम्ही आमच्या मुलीला चौथीत दुसऱ्यांदा बसवलं.

फेरतपासणी : वरच्या वाक्यातलं ‘आम्ही’ खोटं आहे. बायको पहिल्या दिवसापासून विरोधात होती. मुलीला कोणी विचारलंच नव्हतं. मी बसवलं.

ही फेरतपासणीची खोड मला नोकरीने लावली. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे. आमचा एक माणूस घरोघर जाऊन पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपून आणतो. आठवड्याने त्याच घरी मी जातो, मीटरची काच पुसतो, बॅटरीचा झोत मारतो आणि तोच आकडा पुन्हा टिपतो. शंभरात सात आकडे चुकलेले निघतात. उरलेले त्र्याण्णव बरोबर असतात. पण ते बरोबर होते हे मी गेल्याशिवाय कोणाला कळणार? एकवीस वर्षं असं काम केलं की माणसाचं एक ठाम मत होतं : कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला नीट होत नसते. मी कुलूप लावून चार पायऱ्या उतरतो आणि परत वर जातो. लग्न नोंदवायला गेलो तेव्हा माझी सही जरा तिरकी आली म्हणून मी शेजारी दुसरी केली. निबंधक चष्म्यावरून बघत म्हणाले, “एकाच बाईशी दोनदा करताय का?” बायको तेव्हा हसली होती. आता ती तो किस्सा सांगते तेव्हा हसत नाही.

तर मुलगी. घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालते आणि तिच्या हातात नेहमी काहीतरी असतं, तुटकं बटण नाहीतर बाटलीचं झाकण. चौथीचा निकाल लागला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अठ्ठावन्न टक्के. खाली वर्गबाईंचा शेरा : ‘मुलगी हुशार आहे. घाई करत नाही. उत्तीर्ण, पाचवीत घातली आहे.’

या शेऱ्यात तीन वाक्यं आहेत. शहाण्या बापाने पहिलं वाचून खूश व्हावं, तिसरं वाचून कागद कपाटात ठेवावा. मी मधलंच वाचत बसलो. घाई करत नाही म्हणजे काय? म्हणजे मंद आहे. बाईंनी सभ्यपणे लिहिलंय. अठ्ठावन्न म्हणजे बेचाळीस गेले. बेचाळीस टक्के चौथी तिच्या डोक्यात नाही आणि तेवढं भोक घेऊन ती पाचवीत चाललीय. पाया कच्चा! मला तर घरबसल्या भिंतीला तडा दिसायला लागला.

“एक वर्ष पुन्हा चौथी करू दे,” मी बायकोला म्हटलं. “पाया पक्का होईल.”

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती म्हणाली, “लागू पडलेलं औषध परत दुप्पट द्यायचं? त्याने काय होतं ते आमच्या दुकानात येऊन विचार.”

“अभ्यास म्हणजे औषध नाही.”

“आणि पोरगी म्हणजे काय आहे, ते तू एकदा ठरव.”

मी ठरवलं नाही. मी वर गेलो.

वरच्या मजल्यावर विमावाले राहतात. आमच्या इमारतीत कोणाचंही काहीही अडलं तरी सल्ला त्यांच्याकडे तयार असतो आणि त्याच्यासोबत एक छापील पत्रकही असतं. “उत्तम विचार, साहेब!” ते म्हणाले. “एक वर्ष आत्ता घाला, पोरगी जन्मभर त्याचं खाईल. लोक घाबरतात हो. तुमच्यासारखा दूरदृष्टीचा माणूस या इमारतीत मी पहिल्यांदा पाहतोय.” मी त्या इमारतीत चौदा वर्षं राहत होतो, दूरदृष्टी त्यांना त्या दिवशी दिसली. तरी मी छाती काढूनच जिना उतरलो.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांची मुलगी मुंगीच्याच वर्गातली. तिला सगळे ‘दोन वेण्या’ म्हणतात. या दोघी बालवाडीपासून एका बाकावर. मी ताईंनाही विचारलं. त्या परकराला टीप घालत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “हं.”

मी ते होकार म्हणून घेतलं.

फेरतपासणी : ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. पुढे वर्षभराने त्या मला म्हणाल्या, “दादा, टाचण्या काढून बोलेपर्यंत तुम्ही थांबलातच कुठे? मी म्हणणार होते, असलं काही करू नका.”

———

मग अर्ज.

शाळेच्या कार्यालयात एक लेखनिक बसतात. प्रत्येक कागदावर शिक्का मारायच्या आधी ते शिक्क्यावर फुंकर घालतात. मी त्यांना माझं म्हणणं सांगितलं. त्यांना वाटलं, मीच उलटं बोलतोय.

“म्हणजे मुलगी नापास झालीय आणि तुम्हाला ती पास करून हवीय.”

“नाही. पास झालीय. मागे ठेवायचीय.”

त्यांनी शिक्का खाली ठेवला. “नापास मुलाला वर ढकला म्हणून रोज पालक येतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे तीन उत्तरं पाठ आहेत. तुमच्यासाठी एकही नाही.”

“तुमच्याकडे तसा फॉर्म असेल ना?”

“फॉर्म लोकांना जे हवं असतं त्याचा असतो, साहेब.”

त्यांनी मला शिक्षण कार्यालयात पाठवलं. तिथे चार नंबरच्या खिडकीने मला सात नंबरला पाठवलं आणि सात नंबरच्या बाई जेवायला गेल्या होत्या. त्या आल्या तेव्हा चार नंबर बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी मला ‘त्याच इयत्तेत पुनःप्रवेश’ नावाचा एक फॉर्म मिळाला. त्यात कारणांसाठी चौकटी होत्या : दीर्घ आजार, स्थलांतर, गैरहजेरी, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’च्या पुढे दीड ओळ जागा होती. मी चार पानं जोडली.

ती चार पानं मी दोनदा लिहून काढली होती. त्यांत दहा मुद्दे होते. तिसरा मुद्दा मला अजून पाठ आहे : ‘ज्या वयात मूल चुका विसरते त्या वयातच त्या दुरुस्त कराव्यात, म्हणजे दुरुस्तीही त्याच्या लक्षात राहत नाही.’ हे लिहिल्यावर मी पेन खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं होतं, इतका मी स्वतःवर खूश होतो.

सात नंबरच्या बाई चारी पानं चाळून म्हणाल्या, “डॉक्टरचं पत्र लागेल. मुलगी वरच्या वर्गात बसायला असमर्थ आहे, असं.”

डॉक्टरांनी मुंगीची जीभ बघितली, डोळे बघितले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. “मुलगी ठणठणीत आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हाला झोप नीट लागते ना?”

पत्र मिळालं नाही. पण मी हटलो नाही. मीटर गंजला म्हणून आकडा सोडून देणाऱ्यांतला मी नाही. सतरा दिवस मी कार्यालयातून अर्धी रजा काढत राहिलो, आणि शेवटी सात नंबरच्या बाईंनी माझी कटकट जावी म्हणूनच अर्जावर लिहिलं : ‘पालकांच्या लेखी आग्रहावरून विशेष बाब म्हणून मान्य.’ घरी आल्यावर मी तो कागद मुंगीला दाखवला.

हा प्रसंग मी आधी असा लिहिला होता : ‘मुंगीने कागद पाहिला आणि ती खेळायला गेली.’

फेरतपासणी : मुंगीने कागद पाहिला आणि विचारलं, “पण मी पास झाले होते ना?” मी म्हटलं, “हो, पण नीट नाही.” ती म्हणाली, “मग बाईंनी पास का लिहिलं?” मी म्हटलं, “बाईंनी एकदाच बघितलं ना.” मग ती खेळायला गेली नाही. तळमजल्यावर गेली, दोन वेण्यांना सांगायला. जिन्यात मध्येच बसली होती. बायकोने तिला तिथून वर आणलं.

———

अकरा दिवस.

एवढ्या खटपटीत शाळा सुरू झाली होती आणि मुंगीचं नाव पाचवीच्या हजेरीत चढलं होतं. ते खोडता येईना. लेखनिक म्हणाले, एकच मार्ग आहे : तिने पाचवीतून शाळा सोडायची आणि चौथीत नव्याने दाखल व्हायचं. सोडल्याचा दाखला एका सहीने निघतो, दाखल व्हायला तीन सह्या लागतात. तिसऱ्या सहीच्या मोठ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

त्यामुळे अकरा दिवस माझी मुलगी कुठल्याच इयत्तेत नव्हती. शाळेत रोज जायची आणि कार्यालयात लेखनिकांच्या शेजारी स्टुलावर बसायची. लेखनिकांनी तिला शिक्का कसा धरायचा ते शिकवलं. पत्रं तारखेप्रमाणे लावायला शिकवलं. पाकिटावरचा पत्ता वाचून ती गावाचं नाव नकाशात शोधायची. एकदा एका पाकिटावर गाव होतं आणि नकाशात नव्हतं. तिने दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी सापडलं : नकाशाच्या घडीत होतं, कागद तिथे विरला होता.

त्या काळात ती घरी आली की बोलायची थांबायची नाही. मी म्हणायचो, “बघ, किती खुलली! अजून चौथी सुरूही झाली नाही.”

याची फेरतपासणी करायची गरज नाही. मी काय म्हणालो ते मला दिसतंय.

———

चौथी.

पहिल्या चाचणीत मुंगीला त्र्याण्णव टक्के पडले.

मी तो कागद कार्यालयात नेला. साहेबांना दाखवला. चहावाल्याला दाखवला. एका घरी मीटर बघायला गेलो आणि बोलता बोलता तिथल्या आजोबांनाही दाखवला. ते म्हणाले, “नात का?” मी म्हटलं, “मुलगी.” ते म्हणाले, “मग उशिरा झाली वाटतं.” तरी माझा उत्साह ओसरला नाही. विमावाल्यांनी मला इमारतीच्या गच्चीवर चार पालकांपुढे बोलायला लावलं. मी ‘पाया’ या विषयावर पाऊण तास बोललो. एकाने विचारलं, पहिलीपासूनच सगळं दोनदा केलं तर? मी म्हटलं, विचार करण्यासारखं आहे.

अशात शाळेतून बोलावणं आलं.

वर्गबाई त्याच होत्या. त्या गंभीर होत्या. “तुमच्या मुलीने पेपर फोडला.”

माझ्या घराण्यात आजवर कोणी फोडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कपबशी. “माझ्या मुलीने?”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी अख्ख्या वर्गाला आठ प्रश्न सांगितले. आठच्या आठ आले.”

मुंगीला बोलावलं. ती भिंतीच्या कडेने आत आली.

“तुला प्रश्न कोणी दिले?”

“तुम्हीच,” मुंगी म्हणाली. “मागच्या वर्षी.”

बाईंनी टेबलाच्या खणातून मागच्या वर्षीचा पेपर काढला. मग या वर्षीचा काढला. मग दोन्ही परत आत ठेवले आणि खण जरा जोरात लावला.

नंतर कळलं, प्रश्न फक्त पेपरातलेच नव्हते. बाई उद्या फळ्यावर फुलपाखरू काढणार, परवा नदीच्या धड्यात त्या स्वतः बुडता बुडता वाचल्याची गोष्ट सांगणार, त्या गोष्टीत होडीवाला काय म्हणणार, हे सगळं मुंगी वर्गाला आधीच सांगायची. बाई विनोदाला सुरुवात करायच्या तोवर मुलं हसून मोकळी झालेली असायची. बाई काही वाईट नव्हत्या, पण वीस वर्षांचा विनोद असा हातातून निसटला तर कोणालाही लागणारच. त्यांनी मुंगीला मागच्या बाकावर एकटीला बसवलं आणि सांगितलं, “तुला येतंय ना सगळं? मग मागच्या वर्षीची वही काढ आणि शांतपणे उतरवून घे.”

वर्गातली मुलं तिला ‘आजी’ म्हणायला लागली. दोन वेण्या पाचवीत गेली होती. पाचवीची शाळा सकाळची, चौथीची दुपारची. एक घरी यायची तेव्हा दुसरी निघायची. पहिले काही आठवडे त्या जिन्यात भेटायच्या, एक पायरी वर आणि एक खाली. दोन वेण्या म्हणायची, “आज आम्हाला प्रयोगशाळा दाखवली.” मुंगी म्हणायची, “आज आम्ही नदी.” मग दोन वेण्यांना पाचवीतली दुसरी कोणी मैत्रीण मिळाली. भांडण वगैरे झालं नाही. भांडायला दोघींनी एका वेळी घरी असावं लागतं.

वर्षाच्या शेवटी एक्याण्णव टक्के आले. वर्गबाईंनी शेऱ्याच्या जागी फक्त ‘उत्तीर्ण’ लिहिलं होतं. कागद देताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एक सांगू का? इतक्या वर्षांत अशी मागे राहिलेली सात-आठ मुलं माझ्या हाताखालून गेली. त्याच वर्षी आकडा वर जातो. आईबाप खूश होतात. पुढे एक-दोन वर्षांत आकडा होता तिथे येतो, आणि मूल तिथेही राहत नाही.”

“मग तुम्ही अर्जाच्या वेळी का नाही बोललात?”

“तुम्ही मला कुठे विचारलंत? तुम्ही तर म्हणालात, मी एकदाच बघितलं.”

म्हणजे मुंगीने त्यांना ते सांगितलं होतं. मी नमस्कार करून बाहेर आलो. मला वाटलं, बाईंच्या मनात अजून तो खण आहे. बाईंचं बोलणं मी त्यांच्या रागाच्या खात्यावर टाकलं.

———

पाचवी. पहिली चाचणी. एकतीस टक्के.

मी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. मी मुंगीच्या वह्या काढल्या. पहिलं पान सुंदर, तारीख, समास आखलेला. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. विज्ञानाच्या वहीत एका पानावर एक गोल काढला होता आणि त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘हे पुढच्या वेळी.’

मुंगी टेबलाखाली बसून झाकणांची उतरंड लावत होती.

“हे काय आहे?”

तिने डोकं बाहेर काढून बघितलं. “पाचवी.”

“अगं, वही कोरी आहे!”

“हो. पहिल्यांदाची आहे ना.”

मला कळलं नाही. मी खाली बसलो. ती मला, लहान मुलाला समजवावं तशी, सावकाश समजावून सांगू लागली. “बाबा, पहिल्यांदा केलं की ते नीट होत नाही. तूच म्हणतोस. मग पहिल्या वेळी नुसतं बघून ठेवायचं, बाई काय काय विचारतात ते. आणि दुसऱ्या वेळी लिहायचं. चौथीत मला त्र्याण्णव पडले की नाही?”

“पण पाचवी आपण दोनदा करणार नाही आहोत.”

“बरं.”

“खरंच नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि झाकणावर झाकण ठेवलं. “चौथीच्या वेळी पण तू आधी काही म्हणाला नव्हतास. पास झाल्यावर सांगितलंस.”

मी एकवीस वर्षं लोकांचे आकडे तपासतोय. माझ्या कामात पहिला आकडा टिपणाऱ्या माणसाकडे मी कधी वळून पाहिलं नव्हतं. त्याच्यामागून मी येतो हे ठाऊक असल्यावर तो काचही पुसत नसेल. कशाला पुसेल?

फेरतपासणी : हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. त्या दिवशी मी ओरडलो. फार ओरडलो. झाकणं पडली. बायको दुकानातून येऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “हिला काहीच येत नाही!” मुंगी म्हणाली, “मला बरंच येतं. फक्त हे पहिल्यांदाचं आहे.”

त्यानंतर वर्षभर मी काय काय केलं त्याचा एक परिच्छेद लिहिला होता : शिकवणी लावली, शिकवणीवाल्या बाई बदलल्या, तक्ते आणले, पाढे न्हाणीघराच्या दारावर चिकटवले, बक्षीस कबूल केलं, बक्षीस आधीच देऊन टाकलं. विमावाले म्हणाले, “धीर सोडू नका साहेब, अजून एक वर्ष घाला.” त्यांना मी काय बोललो तेही लिहिलं होतं. तो परिच्छेद मी काढून टाकला. त्यात सगळं मीच करत होतो, मुंगी कुठेच नव्हती.

ती एवढंच करत होती : वाट बघत होती. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की हात खाली. मैदानात नवा खेळ सुरू झाला की बाजूला उभी. एकदा तिच्या मामाने तिच्यासाठी सायकल आणली, तिने दांडा धरला, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाली, “आज नको. आज पडेन. पुढच्या वेळी बसते.” पुढच्या वेळीही तेच म्हणाली, कारण ती बसली नव्हती, म्हणजे तीही पहिलीच वेळ होती. मामा माझ्याकडे बघत राहिला. मी सायकलच्या चाकातली हवा तपासत राहिलो.

———

वार्षिक परीक्षेत चौतीस टक्के पडले. शाळेने पत्र पाठवलं : मुलीला पाचवीतच ठेवण्यात येत आहे.

मी धावत लेखनिकांकडे गेलो. “मागे ठेवू नका!”

त्यांनी शिक्का खाली ठेवला. “म्हणजे आता नापास मुलगी पास करून हवीय.”

“हो.”

“यासाठी माझ्याकडे तीन उत्तरं आहेत,” ते म्हणाले. पण त्यांतलं एकही दिलं नाही. मला मोठ्या बाईंकडे घेऊन गेले.

मोठ्या बाईंसमोर एक जाड फाईल होती आणि तिच्यात सगळ्यांत वर माझी चार पानं होती. छायाप्रत. कोपऱ्यावर कोणीतरी ‘नमुना’ असं लिहिलं होतं. “तुमचा अर्ज आम्ही इतर पालकांना वाचायला देतो,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “मूल मागे राहिलं की आईबाप फार रडारड करतात. तुमचा तिसरा मुद्दा वाचला की शांत होतात.”

“कितीजणांना दिलात?”

“असतील नऊ-दहा.”

मी खुर्चीवर बसलो. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

“बाई, ते सगळं चूक आहे,” मी म्हटलं. “तिसरा मुद्दा तर सगळ्यांत चूक आहे. तिच्या सगळं लक्षात आहे.”

मी त्यांना वह्यांबद्दल सांगितलं, सायकलबद्दल सांगितलं. अर्ज लिहिताना मला शब्द कमी पडले नव्हते. आता एक वाक्य धड पुरं होईना. लेखनिक दारातच होते. ते मध्ये म्हणाले, “बाई, ही मुलगी अकरा दिवस माझ्याजवळ बसली होती. पहिल्याच दिवशी तिने माझी पत्रं लावून दिली. तिला दोनदा काही सांगावं लागलं नाही.”

शेवटी पुनर्परीक्षा मिळाली. तीन आठवड्यांनी, एक दिवस, सगळे विषय. पस्तीसच्या वर गेली तर सहावी, नाही तर पुन्हा पाचवी. मोठ्या बाईंना माझी चार पानं मी परत मागितली. त्या म्हणाल्या, “दाखल झालेला कागद परत मिळत नाही.”

घरी आल्यावर मी अभ्यास घेतला नाही. बायकोने घेतला, आणि तोही फारसा नाही. मी मुंगीसमोर बसलो. आजवर मी तिला पुष्कळ समजावलं होतं. या वेळी सरळ सांगितलं. “मी तुला मागे ठेवलं ते चुकीचं होतं. तू पास झाली होतीस. नीट पास झाली होतीस.”

“अठ्ठावन्नने?”

“अठ्ठावन्नने.”

ती विचारात पडली. “मग ते वर्ष कशासाठी होतं?”

यावर दहा मुद्दे नव्हते. अर्धाही नव्हता. “कशासाठीच नव्हतं,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. एखाद्या दुकानदाराने वस्तू संपली म्हणून सांगावं आणि आपण मान डोलवावी तशी. मग विचारलं, “ही परीक्षा खरी आहे का सरावाची?”

“खरी.”

“परत होणार नाही?”

“नाही.”

“मग मला भीती वाटतेय,” मुंगी म्हणाली.

दोन वर्षांत तिला कशाची भीती वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाबाहेर बाकावर बसलो. दाराच्या काचेतून मुंगीची पाठ दिसत होती. बराच वेळ ती लिहितच नव्हती. पहिल्या तासातली वीस मिनिटं ती नुसती बघत होती, नेहमीसारखी. मी उठून काचेपर्यंत गेलो. मग तिने पेन उचललं, काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि त्याच्याखाली पुन्हा लिहिलं. मी बाकावर येऊन बसलो आणि दिवसभर पुन्हा काचेपाशी गेलो नाही. माझ्यासारख्या माणसाने हे कसं केलं असेल, ते ज्याला कुलूप दोनदा बघायची सवय आहे त्यालाच कळेल.

एकोणचाळीस टक्के. सहावी.

लेखनिकांनी निकालाच्या कागदावर शिक्का मारला, पण त्याआधी मुंगीला फुंकर घालू दिली. घरी येताना मी जवळजवळ धावत होतो. मुंगी कडेकडेने, आपल्या चालीने. दारात पोचल्यावर ती थांबली.

“बाबा, सहावीत नापास झाले तर?”

“तर होशील.”

“म्हणजे चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं.

मुंगीने माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं. मग चपला काढल्या, आत गेली आणि भाजी चिरत बसलेल्या आईला तोच प्रश्न विचारला. आईने वर न बघता तेच उत्तर दिलं, त्याच एका शब्दात.

तेव्हा तिचा विश्वास बसला.